बातमीमुळे पेट्रोलची टंचाई खरंच होते का?

प्रश्न असा आहे की टीव्हीवर इंधन टंचाईची बातमी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी पंप खरोखरच कोरडे पडतात, मग टंचाई आधीपासून होती आणि बातमीने ती फक्त दाखवली, की बातमीनेच ती घडवली? मी बरीच वर्षं डेपोवरून पंपांना टँकर पाठवायच्या टेबलवर काढली आहेत, म्हणजे कुठल्या पंपाला कधी आणि किती माल जाणार हे ठरवायचं काम. त्यामुळे सरळ सांगतो. बहुतेक वेळा सुरुवातीला कुठेतरी छोटी खरी अडचण असते, आणि बातमी तिला कित्येक पट मोठी करते. यासाठी बातमी खोटी असावी लागत नाही. पूर्ण खरी बातमीसुद्धा पंप कोरडे करू शकते, आणि हे का होतं ते कळायला आधी पंपाखालच्या टाकीचं गणित बघावं लागतं.

समजा एका पंपाची नेहमीची ठरलेली गिऱ्हाईकं ३,००० गाड्या आहेत. प्रत्येक गाडीची टाकी ४५ लिटरची धरू. सर्वसाधारण माणूस काटा पाव टाकीवर आला की पंपावर येतो आणि फुल करून जातो. म्हणजे कुठल्याही दिवशी रस्त्यावरच्या गाड्यांपैकी कुणाची टाकी भरलेली, कुणाची अर्धी, कुणाची पावावर, असा सगळा पसारा असतो आणि त्या पसाऱ्यामुळेच पंप चालतो. रोज साधारण २७० गाड्या येतात, ९,००० लिटरच्या आसपास सेल होतो, जमिनीखाली २०,००० लिटरची टाकी आहे, दोन दिवसांनी एक टँकर आला की भागतं. आता रात्री बातमी आली. लोक काही वेडे होत नाहीत, कॅन घेऊन धावत नाहीत, फक्त एवढंच ठरवतात की पावावर यायची वाट नको बघायला, अर्ध्याच्या खाली आहे तर आजच भरून टाकू. अर्ध्याच्या खाली किती गाड्या असतात? टाक्या पाव ते फुल अशा सारख्या पसरलेल्या धरल्या तर एक तृतीयांश, म्हणजे १,०००. प्रत्येकीत सरासरी २८ लिटर बसतं. झाले २८,००० लिटर, एका दिवसात, फार तर दीड दिवसात. टाकी २० हजारांची. पंप कोरडा.

आणि यात कुणी एक किलोमीटरही जास्त गाडी चालवलेली नाही! देशात एक थेंबही जास्त जळलेला नाही. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल गाड्यांच्या टाक्यांमध्ये जाऊन बसलं, बस्स एवढंच झालं. एकूण इंधन तेवढंच आहे पण ते जागा बदलून बसलंय, आणि ज्याला आज खरंच गरज आहे, म्हणजे ज्याचा काटा लाल रेषेवर आलाय, त्याच्यासाठी पंपावर काही उरलेलं नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. ज्याची टाकी ४० टक्के भरलेली होती तो ती १०० टक्के करून घरी गेला, आणि रात्रपाळीला जाणारी नर्स पंपावरून रिकामी परत गेली.

रांगेचं गणित तर अजून वेगळं आहे. रांग लागायला पंप कोरडा पडायचीसुद्धा गरज नसते. नोझलमधून मिनिटाला ३०-४० लिटर येतं, म्हणजे भरायला खरं तर मिनिटभरच लागतो, पण गाडी लावणं, झाकण उघडणं, पैसे देणं, निघणं हे सगळं धरून एका गाडीला पाच मिनिटं जातातच, मग तुम्ही ३० लिटर भरा नाहीतर १०. आठ नोझल असलेल्या पंपावर तासाला ९५च्या आसपास गाड्या होतात, त्याहून जास्त नाही. त्या १,००० गाड्यांपैकी अर्ध्या जरी कामावरून सुटल्यावर संध्याकाळी सहा ते नऊमध्ये आल्या तरी दोनशेहून जास्त गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, आणि त्या वेळी खाली टाकीत अजून चांगला माल असतो. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला रांग दिसते. आणि ज्याच्या मनात भरायचं नव्हतं तो पण रांग बघून ब्लिंकर लावतो.

एकदाचा प्रसंग सांगतो, गावाचं किंवा कंपनीचं नाव घेत नाही. डेपोवर एक लोडिंग आर्म, म्हणजे टँकरमध्ये माल भरायचा पाइप, बिघडला, चार टँकर तीन-साडेतीन तास उशिरा निघाले. त्यातल्या एका पंपाचा स्टॉक आधीच कमी होता, त्यांनी दुपारी पेट्रोलच्या नोझलवर ‘माल नाही’ची पाटी लावली, डिझेल चालूच होतं. माझ्या वहीत ही रोजच्यासारखी गोष्ट होती, महिन्यातून दोन-चार वेळा कुठे ना कुठे होतेच. पण त्या दिवशी कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढला आणि संध्याकाळी एका चॅनेलवर ‘पंप कोरडे?’ अशी पट्टी फिरायला लागली. पंप एकच होता, पट्टीवर अनेकवचन झालं. आमच्याकडे स्क्रीनवर प्रत्येक पंपाच्या टाकीची पातळी दिसते, टाकीत बसवलेला गेज दर काही मिनिटांनी आकडा पाठवतो. रोज त्या रेषा आरामात उतरतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्या रात्री बातम्या संपल्यानंतर मी स्वतः बघितलं, एकामागून एक पंपांच्या रेषा अशा खाली पडायला लागल्या जसं कुणी खालून बूच काढलंय. ज्या पंपांना दुपारीच टँकर मिळाला होता त्यांचीही तीच गत. तोपर्यंत तो बिघडलेला आर्म दुरुस्त होऊन दोन तास झाले होते आणि पहिल्या पंपावर टँकर पोहोचून माल उतरलासुद्धा होता. ते दाखवायला कुणी आलं नाही.

वेळ हा यातला मोठा भाग आहे आणि तो बाहेरच्या लोकांना लक्षात येत नाही. पंपवाले दिवसा मागणी टाकतात, आम्ही संध्याकाळी उद्याचा प्लॅन लावतो, कुठला टँकर किती फेऱ्या करणार, ड्रायव्हरचे ड्युटीचे तास किती उरलेत ते बघतो. बातमी येते बरोबर त्यानंतर, रात्री आठ-नऊला, आणि रात्रभरात झालेला उपसा भरून काढायला हाताशी फक्त आधीच ठरलेल्या फेऱ्या असतात. डेपोत कोट्यवधी लिटर पडलेलं असतं हो. पण ते हलवायला टँकर आणि ड्रायव्हर रोजच्या मागणीएवढेच, त्यावर थोडे जास्त. अचानक दुप्पट मागणी आली तर दुप्पट टँकर कुठून येणार? ड्रायव्हरला धोकादायक माल वाहायचं वेगळं प्रशिक्षण लागतं, कुणालाही उचलून स्टिअरिंगवर बसवता येत नाही.

आता जगजाहीर उदाहरण घेऊ, ब्रिटन, सप्टेंबर २०२१. तिथे त्या वर्षी ट्रक ड्रायव्हरांची खरी टंचाई होती, वाहतूकदारांच्या संघटनेचा अंदाज होता की देशभरात सुमारे १ लाख ड्रायव्हर कमी आहेत. बीपी या तेल कंपनीने सरकारसोबतच्या एका बैठकीत सांगितलं की काही पंपांना माल पोहोचवणं अवघड होतंय, ते बोलणं फुटलं आणि २३ सप्टेंबरला आयटीव्ही या चॅनेलवर आलं. बातमी खरी होती. पण तेव्हाचा आकडा काय होता बघा, बीपीच्या सुमारे १,२०० पंपांपैकी साधारण २० बंद होते आणि ५० ते १०० पंपांवर एखादा प्रकार, म्हणजे नुसतं पेट्रोल किंवा नुसतं डिझेल, नव्हता. शंभरातले दोन पंपसुद्धा पूर्ण बंद नव्हते. तीन दिवसांनी, रविवारी २६ तारखेला, स्वतंत्र पंपमालकांच्या संघटनेने सांगितलं की त्यांच्या जवळपास ५,५०० पंपांपैकी दोन तृतीयांश कोरडे आहेत. तीन दिवसांत कुठली रिफायनरी बंद पडली नव्हती, कुठल्या बंदराला टाळं लागलं नव्हतं, ड्रायव्हर गुरुवारी जेवढे होते तेवढेच रविवारी होते. बदललं काय, तर लोकांची भरायची वेळ. पुढे ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे ड्रायव्हर टँकरवर बसवावे लागले आणि लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये सुरळीत व्हायला आणखी काही दिवस गेले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र हे जवळपास झालंच नाही, तिथली पुरवठा व्यवस्था वेगळी आहे आणि हे तिथल्या लोकांना वेळेत स्पष्ट सांगितलं गेलं.

त्याच देशात २०१२ सालचा मार्च तर अजून बोलका आहे. टँकर ड्रायव्हरांच्या युनियनने संपाच्या बाजूने मतदान केलं. संप जाहीर नव्हता, तारीख नव्हती, आणि तेव्हाच्या कायद्याने संपाआधी किमान सात दिवसांची नोटीस द्यावी लागायची, म्हणजे आठवडाभर तरी काहीच होणार नव्हतं. तेवढ्यात मंत्री फ्रान्सिस मॉड म्हणाले की गॅरेजमध्ये कॅनमध्ये थोडं जास्तीचं पेट्रोल ठेवणं शहाणपणाचं ठरेल. झालं. ते वाक्य दिवसभर सगळीकडे फिरलं, पेट्रोलचा खप दुपटीच्या वर गेला, पंप कोरडे पडले, आणि यॉर्कमध्ये एक बाई स्वयंपाकघरात पेट्रोल एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना गंभीर भाजली. संप शेवटपर्यंत झालाच नाही! पुरवठ्यात एका टँकरचीही घट झालेली नसताना टंचाई झाली, याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

अमेरिकेतलं कलोनियल पाइपलाइनचं प्रकरण जरा वेगळं, तिथे अडचण खरोखर मोठी होती. ७ मे २०२१ला रॅन्समवेअर हल्ल्यानंतर, म्हणजे कॉम्प्युटर अडवून खंडणी मागणाऱ्या सायबर हल्ल्यानंतर, कंपनीने ह्यूस्टनपासून न्यूयॉर्कच्या भागापर्यंत जाणारी ८,८०० किलोमीटरची पाइपलाइन बंद केली, पूर्व किनाऱ्याचं साधारण ४५ टक्के इंधन त्यातून जातं. १२ मेच्या संध्याकाळी ती परत सुरू झाली. अशी पाइपलाइन काही दिवस बंद राहिली तर फरक पडणारच, आणि सुरू झाल्यावरही आतला माल ताशी ८ किलोमीटरच्या आसपास सरकतो, त्यामुळे पोहोचायला वेळ लागतो, हे मान्य. पण फ्लोरिडात बघा, तिथलं बहुतेक इंधन जहाजाने बंदरांवर येतं, या पाइपलाइनशी त्याचा फारसा संबंध नाही, तरी तिथेही रांगा लागल्या आणि पंप रिकामे झाले. कारण टीव्हीवर ‘पूर्व किनारा’ म्हणून जो नकाशा रंगवत होते त्यात फ्लोरिडा होतं. लोक नकाशा बघून निघाले. त्यांच्या पंपाला माल कुठून येतो हे त्यांना कोण सांगणार होतं? तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला शेवटी जाहीर सांगावं लागलं की प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये पेट्रोल भरू नका.

मग बातमीत नेमकं काय असतं जे माणसाला पंपावर ढकलतं? माझ्या मते सर्वांत घातक गोष्ट म्हणजे छेद गायब असणं. ‘वीस पंप बंद’ सांगतात, कितीपैकी वीस ते सांगत नाहीत. दुसरं म्हणजे कॅमेरा. कॅमेरा कधीच मोकळ्या पंपावर उभा राहत नाही, त्यात बातमी नसते ना, तो शहरातली सर्वांत लांब रांग शोधतो आणि माईक कुणापुढे धरतो तर रांगेतल्याच माणसापुढे. जो आज भरायला आलाच नाही, ज्याला गरजच वाटली नाही, तो बहुसंख्य आहे पण तो कुणाला दिसत नाही, त्यामुळे घरी बसलेल्याला वाटतं की सगळं गाव निघालंय आणि मीच मागे राहिलो. आणि एकदा असं वाटलं की मग पंपावर जाणं हा मूर्खपणा राहत नाही, उद्या खरंच मिळणार नाही असा अंदाज असेल तर आज भरणं हे त्या एकट्या माणसाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. म्हणून रांगेतल्या लोकांना शिव्या घालणं मला पटत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा आणि सगळे मिळून पंप रिकामा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८मध्ये याला स्वतःलाच खरं करणारं भाकीत म्हटलं होतं, त्यांचं उदाहरण बँकेचं होतं, चांगली चालणारी बँक बुडणार अशी अफवा उठते, सगळे पैसे काढायला धावतात आणि बँक बुडते. पंपाची टाकी ही तशीच बँक आहे, सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं नाही या भरवशावर उभी असलेली.

‘घाबरू नका, साठा मुबलक आहे’ ही सरकारी वाक्यं तर उलटंच काम करतात. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्या डोक्यात विषय नव्हता त्याला कळतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे. शिवाय ‘मुबलक साठा’ हा डेपोतला असतो, आणि माणूस उभा आहे कोरड्या पंपासमोर, त्याला समोर दिसणारं खरं वाटणार की मंत्र्याचं वाक्य? त्याऐवजी ‘या भागातल्या इतक्या पंपांपैकी इतक्यांवर माल आहे, उरलेल्यांना उद्या सकाळपर्यंत टँकर पोहोचतील’ असं सांगितलं तर माणूस थांबतो, हे मी स्वतः अनुभवलंय, कारण त्यात त्याला कधी जायचं ते कळतं.

हे फक्त पेट्रोलचं नाही. १९७३च्या तेलसंकटात जपानमध्ये कागद कमी पडणार अशी भीती पसरली आणि ओसाकाजवळच्या सेनरी भागात बायकांनी टॉयलेट पेपरसाठी रांगा लावल्या, वर्तमानपत्रांत ते आलं आणि बघता बघता देशभर दुकानं रिकामी झाली, कागदाचं उत्पादन मात्र नेहमीसारखं चालू होतं. पण पेट्रोलमध्ये हे जास्त वेगाने होतं, कारण प्रत्येकाच्या दारात आधीच एक रिकामी जागा असलेली टाकी उभी असते, वेगळी पिशवीसुद्धा आणावी लागत नाही.

अशा वेळी पंपावर मर्यादा घालावी का, हे नेहमी विचारलं जातं. २०२१मध्ये ब्रिटनमधल्या ईजी ग्रुप या पंप चालवणाऱ्या कंपनीने एका वेळी ३० पाउंडांचंच इंधन अशी कमाल मर्यादा घातली होती. हेतू चांगला असतो, आणि माल फारच कमी असेल तर दुसरा इलाजही नसतो, पण कमाल मर्यादेने एक होतं, लोक कमी भरतात आणि परत परत येतात, आणि वर सांगितलं तसं रांग लिटरवर ठरत नाही, फेऱ्यांवर ठरते. मला स्वतःला उलटी अट जास्त पटते, किमान खरेदीची. १९७९च्या टंचाईत अमेरिकेतल्या काही राज्यांनी असंच केलं होतं, इतक्या डॉलरपेक्षा कमीचं भरायचंच नाही. त्याने ज्याची टाकी जवळपास भरलेली आहे तो रांगेतून बाहेर पडतो आणि ज्याची खरंच रिकामी आहे त्याचा नंबर लागतो. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियाने नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यावर दिवस वाटून दिले, त्याने निदान आपला दिवस कुठला हे लोकांना कळलं.

म्हणून बातमीच दाबून टाकावी का? नाही, अजिबात नाही. २०००च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये आंदोलकांनी रिफायनऱ्या आणि डेपोंची दारं अडवली तेव्हा टँकर खरोखर बाहेर पडत नव्हते, ते लोकांना सांगायलाच हवं होतं. आणि आजच्या काळात चॅनेल गप्प राहिलं तर फोनवरचा फॉरवर्ड बोलतो, त्यात तर कितीपैकी किती हे कधीच नसतं. माझं पत्रकारांना सांगणं एवढंच आहे की पंपावर कॅमेरा लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा. माल डेपोत नाहीये की डेपोतून पंपावर येत नाहीये? पेट्रोल-डिझेल दोन्ही संपलंय की एकच? आणि पुढचा टँकर कधी? पंपावरच्या मॅनेजरला तिन्हीची उत्तरं माहीत असतात, विचारत कुणी नाही. आणि ज्या पंपाची पाटी दाखवली त्या पंपावर टँकर आला की तेही दाखवा, त्याच वेळेच्या बातम्यांत, तेवढ्याच सेकंदांसाठी.

लाट ओसरल्यावर काय होतं ते तर कुठेच येत नाही. सगळ्यांच्या गाड्या फुल असतात, त्यामुळे पुढचे काही दिवस पंपावर शुकशुकाट. आणि आम्ही तोपर्यंत जीव तोडून जादा फेऱ्या लावलेल्या असतात, ते टँकर पंपावर पोहोचतात तेव्हा खालच्या टाकीत माल उतरवायला जागाच नसते. ड्रायव्हर डिप, म्हणजे पातळी मोजायची काठी, टाकून बघतो, मान हलवतो आणि केबिनमध्ये बसून राहतो. त्या वरच्या प्रसंगानंतर चौथ्या दिवशी माझ्याकडे असे सात टँकर उभे होते, भरलेले, आणि फोनवर एक पंपवाला सांगत होता की साहेब अजून दोन दिवस तरी पाठवू नका, इकडे कुणी फिरकत नाहीये.